खाणं, घर आणि प्रेम असलेल्या कादंबऱ्या: समीक्षा कशी लिहायची, प्रती कशा फिरवायच्या?

वाचनवेडी_माहीम

नमस्कार मंडळी. आमची चौदा जणींची पुस्तकभिशी आहे. दरमहा वर्गणी काढायची, एका कादंबरीच्या तीन प्रती घ्यायच्या, सगळ्यांनी वाचायच्या आणि प्रत्येकीने पानभर लिहायचं, असा शिरस्ता. या वर्षी ठरवलंय की स्वयंपाकघर आणि घरची माणसं मध्यभागी असलेल्या प्रेमकथाच घ्यायच्या. काही मराठी, काही अनुवादित, दोन इंग्रजी.

लिहून येतं ते असं: "खूपच सुंदर, वाचता वाचता भूक लागली, नक्की वाचा." यावरून पुढचीला काय कळणार? एकीने तर शेवटच सांगून टाकला, मग बाकीच्यांनी पुस्तक हातातही घेतलं नाही. पुस्तकाच्या मागे पाककृती असतात, त्यातल्या निम्म्या फसतात. तो दोष पुस्तकाचा धरायचा का? प्रत चौथ्या घरी अडकते आणि सुटून येते तेव्हा पानांवर हळद. शेवटी वैतागून कुणीतरी ग्रुपवर पीडीएफ टाकलं.

लिहिणं आणि फिरवणं, दोन्हींबद्दल नेमकं सांगा. "मनापासून लिहा" सोडून काहीही चालेल.

पाटावरवंटा

घड्याळ जवळ ठेवून वाचा. या प्रकारच्या कादंबरीत लेखकाने स्वयंपाकघर पाहिलंय की नुसतं ऐकलंय, हे पदार्थाला लागणाऱ्या वेळेवरून कळतं. चवीची वर्णनं कुणीही करतो.

वालाचं बिरडं घ्या. मुलीला बघायला मंडळी अचानक येतात आणि तासाभरात पानात बिरडं वाढलं जातं, असा प्रसंग असेल तर तिथे खूण करून ठेवा. कडवे वाल दहा-बारा तास भिजतात. मग उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, मोड यायला आणखी एक दिवस. पाणी नीट निथळलं नसेल तर ते चिकट होतात, वास मारतात, टाकून द्यावे लागतात. मोड आल्यावर कोमट पाण्यात घालून एकेक वाल चिमटीत दाबायचा, म्हणजे साल सुटून डाळिंबी बाहेर येते. शिजवताना मंद आच, डाव कमीत कमी फिरवायचा, नाहीतर डाळिंब्यांचा लगदा होतो. कोकम आधी घातलं की वाल कडक राहतात, म्हणून ते शिजल्यावरच.

थोडक्यात, आज पानात असलेलं बिरडं परवा रात्री ठरलेलं असतं. म्हणजे वाल भिजत घातले तेव्हाच घरातल्या कुणीतरी त्या मुलाला मनातून होकार दिलेला असतो. चांगला लेखक याच गोष्टीचा प्रसंग करतो: वाल कुणी भिजवले, कुणाला न विचारता भिजवले, आणि सोलायला परातीभोवती कोण कोण बसलं. सोलायला हात जास्त लागतात, डोळे मोकळे असतात. घरातल्या सगळ्यांसमोर दोघांनी बोलण्याची यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही. समीक्षेत हे दोन ओळींत लिहिलंत की वाचणारीला पुस्तकाचा दर्जा कळतो.

हीच परीक्षा उकडीच्या मोदकाला लावा. वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, चिमूट मीठ, चमचाभर तूप. पाण्याला उकळी आल्यावर पिठी, झाकण, दोन-तीन मिनिटं वाफ, आणि उकड गरम असतानाच मळायची. नायिका उकड तशीच परातीत टाकून गच्चीवर अर्धा तास भांडून येते आणि मग कळीदार एकवीस मोदक वळते, हे होत नाही. गार झालेली उकड कोरडी पडते, पारी कडेला चिरते, वाफवताना सारण बाहेर येतं. ओल्या फडक्याखाली झाकून गेली असती तर चाललं असतं. एका वाक्याचं काम होतं, लेखकाने केलं नाही.

ऋतूही तपासा. जुलैच्या धुवांधार पावसात नायक ससून डॉकवरून ताजं पापलेट आणतो असं दिसलं तर थांबा: आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत घरात सुके बोंबील आणि सुकट असते, आणि खरं तर प्रेमकथेला तीच जास्त उपयोगी. सुके बोंबील भाजले की अख्ख्या चाळीला कळतं कुणाकडे काय चाललंय. डिसेंबरातला हापूस, श्रावणात मटण खाणारं कर्मठ घर, हे सगळं याच खात्यात.

जुन्या काळची कादंबरी असेल तर दोन खुणा पुरतात. आपल्याकडचा देशी प्रेशर कुकर साधारण १९५९चा, तेव्हा १९४५ च्या गिरगावात शिट्ट्या वाजत असतील तर चूक. (इकमिक कुकर १९१० पासून होता, पण तो वाफेचा, शिट्टीविना.) आणि मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं, त्यामुळे १९४४ च्या लग्नात पाचशे पानं जिलबी-मठ्ठ्याची उठली तर साखर कुठून आली हे लेखकाने सांगायला हवं. ते सांगितलं तर तोच कादंबरीतला सर्वांत रंगतदार भाग होईल. त्या काळचे पदार्थ पडताळायला लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' (१९१०) आणि नंतरच्या काळासाठी कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' (१९७०) हाताशी असू द्या.

शेवटगोड

पाटावरवंटा यांचं बिरडं पटलं, पण एवढी झडती घेतली तर समीक्षा अन्न निरीक्षकाचा अहवाल होईल. प्रेमकथा वाचणारीला आधी वेगळ्याच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात.

पहिली म्हणजे शेवट गोड आहे का. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकसंघटनेने प्रकाराची व्याख्या दोन अटींत केली आहे: प्रेमकथा केंद्रस्थानी हवी, आणि शेवट समाधान देणारा व आशादायी हवा. तेव्हा "शेवट गोड आहे" एवढं सांगणं म्हणजे रहस्यभेद नव्हे, ते पुस्तकाच्या प्रकाराचं नाव आहे. गोड कसा होतो, ते मात्र सांगायचं नाही. आणि शेवट गोड नसेल तर "ही प्रेमाची गोष्ट आहे, पण रोमान्स म्हणून हातात घेऊ नका" असं स्पष्ट लिहा, नाहीतर वाचणारी पुस्तकावर चिडेल आणि तुमच्यावरही.

दुसरी, साचा कुठला: आधी भांडण मग प्रेम, खोटा साखरपुडा, जुनं प्रेम परत भेटणं, दोन खानावळींचं वैर. साचा सांगितल्याने मजा जात नाही, उलट वाचणारी त्याच्यासाठीच पुस्तक उचलते. तिसरी, शारीरिक जवळीक किती आणि कशा शब्दांत. सासू-सुना मिळून वाचणार असतील तर हे आधी कळलेलं बरं. चौथी, घरातलं आजारपण, मृत्यू, मारहाण, नायिकेच्या वजनावरून टोमणे. खाण्याच्या कादंबरीत हे शेवटचं फार येतं आणि मलपृष्ठावर कधीच छापत नाहीत.

कुठपर्यंत सांगायचं? पहिला चौथा भाग. तीनशे पानांची कादंबरी असेल तर पंचाहत्तराव्या पानापुढचं काही नाही.

आता घराबद्दल. "कुटुंबाचं सुंदर चित्रण" हे शब्द तुमच्या भिशीत बंदच करा. त्याऐवजी तीन प्रश्नांची उत्तरं लिहा: शिजवतं कोण, वाढतं कोण, शेवटी जेवतं कोण. नायक पहिल्या प्रकरणात पंगतीत बसलेला असतो आणि विसाव्यात वाढायला उभा राहतो, एवढ्यावर अख्खी कादंबरी उभी राहू शकते. नायिका तीनशे पानं सगळ्यांना जेवू घालते आणि ती स्वतः काय जेवली हे एकदाही येत नाही, असंही असतं. ते लेखकाने मुद्दाम केलंय की त्याच्या लक्षातच आलं नाही, हे ठरवणं म्हणजेच समीक्षा.

नमुना देते. समजा, लालबागला खानावळ चालवणारी नायिका आहे आणि मिरची गल्लीतला मसाल्याचा व्यापारी नायक.

वाईट: "लेखिकेने मसाल्यांचा सुगंध शब्दांत पकडला आहे. प्रेम आणि चवीचा सुरेख संगम."

बरं: "एप्रिलमध्ये वर्षाचा मसाला भाजून डंकावर कुटायला नेतात, तिथे दोघांची पहिली भेट आहे. मिरची कुटली जात असताना डोळ्यांतून पाणी सगळ्यांच्याच येतं, त्यामुळे ती रडते आहे हे त्याला कळत नाही. हा प्रसंग पक्का आहे. पण मधली साठ पानं खानावळीच्या कर्जात जातात आणि तिथे नायक दिसतच नाही. नायिकेचा भाऊ नुसता अडथळा म्हणून ठेवलाय. आधी भांडण मग प्रेम, शेवट गोड, जवळीक सूचक."

दुसऱ्यात शब्द जास्त आहेत, पण प्रत्येक वाक्यात माहिती आहे. अडीचशे शब्द पुरेत.

प्रकाशकाकडून प्रत फुकट आली असेल तर पहिल्याच ओळीत सांगा. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांसाठी असे खुलासे घालून दिले आहेत. भिशीपुरतं कुणी विचारणार नाही, पण तोच मजकूर उद्या इन्स्टावर गेला तर लागेल.

पाटावरवंटा

@शेवटगोड, "शेवटी जेवतं कोण" हे माझ्या घड्याळापेक्षा सरस. मान्य. एक भर घालतो: पदार्थ काढून पाहा. बिरड्याच्या जागी पिठलं ठेवलं तर कथेचं काही बिघडतं का? बिघडत नसेल तर तो पदार्थ शोभेची कोथिंबीर. लॉरा एस्किवेल यांच्या 'लाइक वॉटर फॉर चॉकलेट'मध्ये (१९८९) बारा महिन्यांची बारा प्रकरणं आहेत, प्रत्येकाच्या तोंडाशी एक पाककृती, आणि कथा त्या पाककृतीच्या मधूनच चालते. तिथला पदार्थ बदलायला गेलं तर प्रकरणच कोसळतं. शेवटच्या पानांत पाच पाककृती चिकटवणं ही वेगळी गोष्ट आहे, दोन्हींना एकाच मापाने मोजू नका.

मोजमाप_चेंबूर

पाककृती फसतात त्याबद्दल. पुस्तकाला दोष देण्याआधी एकदा तरी शब्दशः करून पाहायला हवं, आणि अर्ध्या प्रमाणात. आपल्या हातच्या सवयीने मीठ-पाणी बदललं की ती परीक्षा पुस्तकाची राहत नाही.

अनुवादित पुस्तकांत गडबड बहुतेक मापांत असते. अमेरिकन कप साधारण २४० मिली. आपली आमटीची वाटी १५० ते २०० मिलीच्या मध्ये कुठेही. अनुवादकाने 'कप'ची 'वाटी' केली आणि पुढे अंडी तीनच ठेवली, तर केकचं ऑम्लेट होणार. लोण्याची 'एक स्टिक' म्हणजे ११३ ग्रॅम, "लोण्याची एक कांडी" असं छापलं तर कुणाला काय कळणार? ओव्हन ३५० असेल तर ते फॅरनहाइट, आपल्याकडे १७५-१८० सेल्सिअस. ब्रिटिश पुस्तकातलं 'सेल्फ रेझिंग फ्लोअर' नुसता मैदा म्हणून आलं की केक फुगतच नाही, कारण बेकिंग पावडर त्या पिठातच मिसळलेली असते. 'व्हिपिंग क्रीम'ला साय किंवा फ्रेश क्रीम म्हटलं तर कितीही घोटा, उभं राहणार नाही: पाकिटातलं फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के स्निग्धांशाचं, फेटायला तीसच्या वर, शक्यतो ३५ लागतं. ब्राउन शुगरच्या जागी गूळ हाही नेहमीचा अपराध.

मराठी कादंबऱ्यांत चूक उलट बाजूने होते. प्रमाण बरोबर असतं, पण जी खूण आईला डोळ्यांनी कळते ती लिहिलेलीच नसते. "पुरण शिजवून घ्यावे." कुठपर्यंत? डाव पुरणात उभा राहिला पाहिजे, तोपर्यंत. सैल राहिलं तर पोळी लाटताना फुटते, फार आटलं तर पुरण भुरभुरीत होऊन कडेपर्यंत सरकत नाही. तिरफळं घालायला सांगितली आणि आतलं काळं बी काढायला सांगितलं नाही, हेही तसंच.

म्हणून समीक्षेत एकच ओळ लिहा: कुठली पाककृती केली, किती प्रमाणात, आणि कुठे अडली. "पाककृती चांगल्या आहेत" याला अर्थ नाही. आणि पाककृती फसली तरी कादंबरीचे गुण कापू नका, दोन्हींचे वेगळे द्या.

८_१२ची_स्लो

प्रतींचं गणित. चौदा जणी, तीन प्रती: पाच, पाच आणि चार अशा साखळ्या करा. एकीला दहा दिवस, हस्तांतराला दोन. पाचांची साखळी साठ दिवसांत संपते, चारांची अठ्ठेचाळीस. म्हणजे दरमहा नवीन पुस्तक हे तुमच्या वेळापत्रकात बसतच नाही. चौथ्या घरी अडकतं ते त्या बाईच्या आळसामुळे नव्हे, तोवर पुढचं पुस्तक हातात आलेलं असतं म्हणून. दोन महिन्यांना एक पुस्तक करा, नाहीतर सात प्रती घ्या.

साखळी नावाच्या क्रमाने नको, रेल्वेच्या क्रमाने लावा. पश्चिमच्या एकीत, मध्यच्या दुसरीत, हार्बरच्या तिसरीत. पुस्तक एकाच लाइनवर एका दिशेने सरकलं पाहिजे, बोरिवली, गोरेगाव, अंधेरी, माहीम असं. लाइन बदलायचीच झाली तर पश्चिम-मध्यला दादर, मध्य-हार्बरला कुर्ला. "दादरला भेटू" असं ठरवू नका, दादरला कुणी कुणाला सापडत नाही. पूल, फलाटाचा नंबर आणि कुठल्या टोकाला ते लिहून घ्या. गर्दीच्या वेळी तर नकोच. दुपारी बारा ते चार.

सर्वांत सावकाश वाचणारीला साखळीत शेवटी ठेवा. अपमान वाटत असेल तर "प्रत तुमच्याकडेच राहील" म्हणा, खूश होतील.

मुखपृष्ठाच्या आत एक चिठ्ठी चिकटवा (गोंदाने नको, पेन्सिलने लिहिलेला कागद नुसता खोचला तरी चालेल): नाव, आली तारीख, गेली तारीख. मतं चिठ्ठीवर लिहायची नाहीत, पुढची वाचणारी ती आधी वाचते.

पुण्या-नाशिकला कुणी असेल तर: स्वस्तातली रजिस्टर्ड बुक पोस्टची सोय टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली. जुनी माहिती धरून खिडकीवर वाद घालू नका. माग हवा तर स्पीड पोस्ट.

कसर_आणि_बुरशी

हळदीचा डाग: घासू नका, ओलं फडकं तर अजिबात नाही, डाग पसरतो आणि कागदाचे तंतू उठतात. हळदीचा रंग उजेडाने फिका होतो. पान उघडं ठेवून बाकीचं पुस्तक कागदाने झाका आणि खिडकीत दोन-तीन तास ठेवा, असं काही दिवस. जास्त ऊन दिलंत तर कागदच पिवळा होईल, मग डाग शोधावाच लागणार नाही.

तेलाचा डाग: ताजा असेल तर वर-खाली टिपकागद, मग टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअरचा थर, वर वजन, रात्रभर. सकाळी मऊ ब्रशने झटका. जुना डाग पूर्ण जात नाही.

मुळात पुस्तक ओट्यावर नेऊच नका. पाककृती करायची तर त्या पानाचा फोटो काढा आणि फोनवर हळद लावा.

पावसाळ्यात ने-आण करताना झिपची पिशवी ठीक, पण घरी पोहोचल्यावर पुस्तक लगेच बाहेर काढायचं. बंद प्लास्टिकमध्ये दमट पुस्तक आठवडाभर राहिलं की करड्या ठिपक्यांची बुरशी येते. भिजलंच तर पानांमध्ये कोरा कागद घालून पंख्याखाली उभं ठेवा. कागद दर दोन-तीन तासांनी बदलायचे. मधे वर्तमानपत्र नको, शाई उतरते. इस्त्री नको, हेअर ड्रायरही नको. पानं लाटांसारखी वाकतात.

शेवटगोड

पीडीएफचा प्रश्न राहिला. ते काढून टाकायला सांगा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखक हयात असेपर्यंत आणि मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून आणखी ६० वर्षं राहतो. इथे एक खोच आहे: मूळ पुस्तक मुक्त झालं तरी अनुवादकाचा हक्क वेगळा चालू असतो. समीक्षेसाठी उतारा देता येतो, त्याला कलम ५२ मध्ये मुभा आहे. पण चार-सहा ओळी द्या आणि त्यांवर काही बोला, आख्खं पान टाकून "किती सुंदर ना!" म्हणणं म्हणजे समीक्षा नव्हे. पाककृतीचंही तेच: पुस्तकातलं पान जसंच्या तसं ग्रुपवर नको, स्वतः करून पाहिल्यावर स्वतःच्या शब्दांत लिहा.

वाचनवेडी_माहीम

खूप आभार. दोन महिन्यांना एक पुस्तक, रेल्वेच्या साखळ्या आणि "शेवटी जेवतं कोण", हे तिन्ही आजच ग्रुपवर टाकते. एक शंका: सध्याच्या कादंबरीत आजी जाते, पण दोनशेव्या पानावर. शेवटगोड यांच्या हिशेबाने ते सांगायचं नाही. पण आमच्यात दोघींच्या घरी नुकतंच असं झालंय.

शेवटगोड

मग समीक्षेत नको. त्या दोघींना वेगळं कळवा, आणि पान नंबरासकट. त्यांना वाचायचं असेल तर त्या १९५ ला थांबतील आणि पुढचं कधी वाचायचं ते ठरवतील. बाकीच्यांसाठी समीक्षेत एवढंच: "घरातल्या एका मृत्यूचा भाग आहे."

पाटावरवंटा

आणि तेराव्याच्या स्वयंपाकाचं वर्णन असेल तर तेही त्या दोघींना सांगा. बऱ्याचदा मृत्यूच्या पानापेक्षा ते पान जास्त जड जातं.